"ती बाई नाही, माझी आई आहे" एवढं सांगून हा प्रश्न सुटणार नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लोकमान्य नगरच्या चाळीतून दीड वर्षापूर्वी तुम्ही घोडबंदर रोडला टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर टू बीएचके घेतला. आई सोबत आहेत, त्यांनी धुणीभांडी करून तुम्हाला शिकवलं. गेल्या महिन्यात त्या भाजी घेऊन येत होत्या तेव्हा लॉबीतल्या सिक्युरिटीने "मावशी, तुमची लिफ्ट तिकडे" म्हणून सर्व्हिस लिफ्ट दाखवली आणि त्या काही न बोलता तिकडून वर आल्या. तुम्हाला हे आठ दिवसांनी कळलं, ते पण शेजारणीकडून. तेव्हापासून आई खाली उतरत नाहीत. बायको म्हणते लेखी तक्रार करा, आई म्हणतात "जाऊ दे, कशाला वाढवतोस". आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ही जात आहे का पैसा, की मीच जास्त विचार करतोय.

जास्त विचार करत नाही आहात, हे पहिलं. मी तेवीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत वस्त्यांमधे काम करतेय, समाजशास्त्रात एमए केलं, मग बरीच वर्षं घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत होते, आणि आता पाच-सहा वर्षं सोसायट्याच मला बोलावतात, कामवाल्या बायका, सिक्युरिटी, भाडेकरू यांच्यावरून वाद झाले की बैठका घ्यायला. त्यामुळे लॉबीतल्या सोफ्यावर बसून पण हा विषय ऐकलाय आणि जिन्यात डबा खाणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून पण.

काही गोष्टी मला तुमच्या लिहिण्यातून कळत नाहीत आणि उत्तर त्यावर अवलंबून आहे. हा नियम कुठे लिहिलेला आहे का नुसती पद्धत पडलीय? सोसायटी रजिस्टर झालीय का अजून बिल्डरची माणसंच सगळं बघतात? फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, तुमच्या की दोघांच्या? आणि आईंना त्याआधी कोणी आडनाव, गाव वगैरे विचारलं होतं का? ही उत्तरं आली की काही मुद्दे बदलतील, ते येतील तिथे सांगते.

आता जात की पैसा. सिक्युरिटीवरच्या त्या मुलाने आईंना जात विचारली नाही आणि बँकेत किती आहेत तेही विचारलं नाही. त्याने तीन सेकंदात ठरवलं. कशावरून? साडी कशी खोचलीय, पायात कसली चप्पल, हातात कापडी पिशवी, आणि मुख्य म्हणजे लॉबीतून त्या मधून चालत होत्या का भिंतीच्या कडेने. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात कडेकडेने वावरलेला माणूस स्वतःच्या मुलाच्या लॉबीतही कडेनेच चालतो. पिएर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ह्यावर खूप काम केलं, की माणसाचा वर्ग फक्त पगारात नसतो, तो चालण्याबोलण्यात, खाण्यात, उभं राहण्यात मुरलेला असतो आणि समोरचा तो न सांगता वाचतो. फ्लॅट घेतला म्हणून हे दीड वर्षात पुसलं जात नाही, आणि खरं तर ते पुसलं जावं अशी अपेक्षाच का करायची.

पण नुसता पैसा म्हणावं तर तेही पुरत नाही. कोपरखैरणेत मी एका आगरी आजींना ओळखायचे. त्यांच्या घरची भातशेती सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, घेतली. सिडको स्थापन झाली १९७० साली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा होता आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आजींच्या मुलांना त्यात प्लॉट मिळाला, बिल्डिंग उभी राहिली, दारात दोन गाड्या. म्हणजे पैशाने त्या सेक्टरमधल्या निम्म्या लोकांना विकत घेतील. तरी त्या आगरी पद्धतीने लुगडं नेसून पुतण्याच्या सोसायटीत गेल्या की गेटवर "कोणाकडे काम आहे?" हाच प्रश्न. त्या मला हात करून दाखवायच्या, की ती पार्किंगची जागा आहे ना, तिथे आमचा बांध होता. ज्या जमिनीवर गेट आहे ती जमीन ज्यांची होती त्यांनाच गेटवर नाव लिहावं लागतं. माक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ म्हणतो की पैसा आणि प्रतिष्ठा ह्या दोन वेगळ्या उतरंडी आहेत, ते मला पुस्तकात वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या आजींच्या बोटाकडे बघून कळलं.

आणि जात? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, वय होतं पंचवीस, त्यात ते म्हणतात की जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग. पुढे त्यांनी श्रेणीबद्ध विषमता ही कल्पना मांडली, म्हणजे वरचे आणि खालचे असे सरळ दोन भाग नसतात, पायऱ्या असतात, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो म्हणून कोणालाच अख्खी शिडी मोडावीशी वाटत नाही. आता तुमची लॉबी बघा. सिक्युरिटीवरचा मुलगा ठेकेदाराकडे बारा तासांची ड्युटी करतो, त्याला क्लब हाउसमधे पाय ठेवायची परवानगी नाही, पण मावशींना लिफ्ट दाखवणं त्याच्या हातात आहे. मावशी स्वयंपाक करत असतील तर त्या भांडीवालीच्या वर. भांडीवाली हाउसकीपिंगच्या वर, आणि हाउसकीपिंगमधला जो गटार आणि कचऱ्याची खोली साफ करतो तो सगळ्यांच्या खाली. मी बैठकीत कधी कधी सोसायटीच्या लोकांना सांगते की ह्या पायऱ्यांवरच्या माणसांची नावं आणि आडनावं लिहा. बहुतेकांना नावंच माहीत नसतात. आणि जिथे आडनावं कळतात तिथे कचऱ्याच्या खोलीपाशी कोण पोचलंय आणि देवघर पुसायच्या कामाला कोण, हे बघितलं की जातीचा प्रश्न वेगळा विचारावा लागत नाही. म्हणजे माझं उत्तर असं, की तुमच्या आईंना त्या क्षणी ज्याने थांबवलं तो वर्ग होता, पण एकच इमारत आणि माणसांसाठी दोन रस्ते, ह्यात कोणाला काही गैर वाटत नाही ती सवय जातीने लावलेली आहे. गावात पाणवठे वेगळे होते, इथे लिफ्ट वेगळी आहे, आणि कोणाला वाईट बोलावं लागत नाही, पाटी बोलते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही लिहिलंय की मी खाली जाऊन त्याला झापणार होतो की "ती बाई नाही, माझी आई आहे". तुमचा राग मला पूर्ण समजतो. पण हे वाक्य एकदा सावकाश वाचा. ह्याचा अर्थ असा होतो की बाई असती तर तू बरोबर होतास. सिक्युरिटी सॉरी म्हणेल, सुपरवायझर येऊन आईंना नमस्कार करेल, आणि उद्यापासून तुमच्या आईंना मेन लिफ्ट मिळेल. चौदाव्या मजल्यावर काम करणारी बाई मात्र त्याच दुसऱ्या लिफ्टने जाईल. तुमच्या आईंना हे तुमच्या आधी कळलंय असं मला वाटतं. त्या पंधरा-वीस वर्षं त्याच बाईच्या जागी होत्या. माझ्या मुलाने फ्लॅट घेतला म्हणून मी ह्या लिफ्टची आणि माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणी त्या लिफ्टच्या, हे त्यांच्या मनाला कसं पटणार? त्यांच्या "जाऊ दे" मधे भीती असेल, थकवा असेल, पण हे पण असू शकतं. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आणि बायको आणि आईमधे तुम्ही अडकलाय तर त्याबद्दल. बायको चुकत नाहीये आणि आईपण चुकत नाहीयेत. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की बायको अशा घरातून आलीय जिथे तक्रार केली की कोणीतरी ऐकायचं. आईंच्या आयुष्यात तक्रार केली की काम जायचं. दोघी आपापल्या अनुभवावरून अगदी बरोबर हिशोब करतायत. घरात हे भांडण "तुझी आई घाबरट" किंवा "तुझ्या बायकोला समजत नाही" असं होऊ देऊ नका, ते दोन स्वभावांचं भांडण नाहीचे.

इथे माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी वाशीतल्या एका सोसायटीत कामवाल्या बायकांना कामाच्या घरात संडास वापरू देत नव्हते, सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत बायका अडवून धरायच्या, लघवीचे त्रास व्हायचे. एका ताईंनी मला हे विश्वासाने सांगितलं आणि मी तिसऱ्याच दिवशी कमिटीपुढे बोलले. नाव घेतलं नव्हतं, पण कोण बोललं असेल ते दोन मजल्यांत लगेच कळलं. त्यांची दोन घरं सुटली, मुलीच्या दहावीचं वर्ष होतं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट चहा केला. त्या दिवसापासून मी आधी विचारते, ज्याच्यावर बेतलंय त्याला, की हे बाहेर काढू का, तुमचं नाव येईल, चालेल का, आणि नाही म्हणालात तर मी दुसऱ्या वाटेने काय करू. तुम्ही पण तेच करा. आईंना साक्षीदार म्हणून उभं करू नका. त्या नको म्हणाल्या तरी तुम्ही सोसायटीत नियमाबद्दल बोलू शकता, फक्त त्या प्रसंगाचा उल्लेख न करता.

नियमाबद्दल बोलायचं ते कसं. तोंडी नको, सेक्रेटरीला साधं पत्र द्या आणि एवढंच विचारा की सर्व्हिस लिफ्ट कोणी वापरायची ह्याबद्दल कुठला ठराव झालेला आहे, त्याची प्रत द्या. माझ्या अनुभवात दहातल्या बऱ्याच ठिकाणी ठरावच नसतो, बिल्डरच्या काळात पाटी लागलेली असते आणि ती तशीच राहते. ठराव नसेल तर अर्धं काम झालं. सोसायटी अजून रजिस्टर नसेल तर पत्र बिल्डरच्या ऑफिसला, पण तिथे फार वेळ लागतो. रजिस्टर असेल तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, विषय आधी लेखी दिला तर अजेंड्यावर येऊ शकतो. आणि घाई असेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा घ्यावी लागते, पण मी म्हणेन त्या वाटेला लगेच जाऊ नका, त्याने दोन गट पडतात. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर असेल तर पत्रावर सही तिची लागेल, हे पण बघा.

मागणी एकाच वाक्याची ठेवा: सर्व्हिस लिफ्ट सामानासाठी आहे, माणसासाठी नाही. फर्निचर, सिलिंडर, कचऱ्याचे डबे, रंगाचे ड्रम तिकडून जातील, मग ते मालकाने नेले तरी. माणूस कुठल्याही लिफ्टने जाईल.

लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे. सेफ्टी म्हणतील. त्यावर विचारायचं की जी बाई तुमच्या बेडरूमचा केर काढते, तुमच्या बाळाला आंघोळ घालते, तिच्यासोबत चाळीस सेकंद लिफ्टमधे कसला धोका? स्वच्छता म्हणतील. तेव्हा वाद घालू नका, थोडं शांत राहा, कारण हा शब्द उच्चारल्यावर खोलीतल्या दोन-चार जणांना स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं आणि तेच लोक नंतर तुमच्याकडे येतात. तिसरा मुद्दा सकाळच्या गर्दीचा, आठ ते दहा शाळा-ऑफिस आणि बायकांची कामाची वेळ एकच. हा मुद्दा खरा आहे, तो मान्य करा आणि म्हणा की मग दोन्ही लिफ्ट सगळ्यांना खुल्या केल्या तर गर्दी कमीच होईल ना.

पण खरं सांगू, युक्तिवादाने बदललेल्या सोसायट्या मी कमी पाहिल्यात. ठाण्यातच एका टॉवरमधे हा बदल झाला तो असा. एक काका पॅरालिसिसमुळे व्हीलचेअरवर होते, त्यांना सांभाळणारी आयाबाई रोज संध्याकाळी त्यांना पोडियमवर फिरवायची. एकदा नवीन सिक्युरिटीने नियम पाळला, व्हीलचेअर मेन लिफ्टमधे आणि आयाबाईंना सर्व्हिस लिफ्टमधे पाठवलं. सर्व्हिस लिफ्ट वाटेत सामान उतरवायला थांबली. काका वर पोचले, दार उघडलं, त्यांना चाक ढकलता येईना, दार बंद झालं आणि लिफ्ट त्यांना घेऊन परत खाली आली, अशा दोन फेऱ्या झाल्या. ते बोलू शकत नव्हते. तिसऱ्या वेळी आत शिरलेल्या शाळेतल्या एका मुलीने त्यांचे डोळे बघितले आणि घरी जाऊन सांगितलं. पुढच्या मीटिंगला त्या मुलीची आई उभी राहिली, जी त्याआधी कधी मीटिंगला आलीच नव्हती. पाटी त्या आठवड्यात निघाली. तुमच्या टॉवरमधे पण अशी घरं असतील, जिथे आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, जिथे रोजचं आयुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी हातावर चालतं. आधी त्या चार-पाच घरांशी बोला. त्यांना हे समजावायला लागत नाही.

कायद्याचं विचाराल तर, जात काढून अडवलं, बोललं असेल तर प्रकार गंभीर आहे, संविधानाचं कलम १७ आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, आणि तेव्हा वकिलाला भेटायलाच हवं. म्हणूनच मी वर आडनावाचं विचारलं. पण फक्त "दिसायला कामवालीसारखी" म्हणून अडवलं असेल तर कायद्याचा हात तिथे तोकडा पडतो आणि सोसायटीच्या सभेतच ते सोडवावं लागतं. आणि कृपा करून त्या सिक्युरिटीची तक्रार ठेकेदाराकडे करू नका. त्याला काढतील, दुसरा येईल, त्यालाही तीच पाटी दाखवतील.

राहिला आईंचा प्रश्न, तो लिफ्टपेक्षा मोठा आहे. त्या खाली उतरत नाहीत ह्याचं कारण तो एकच प्रसंग असेल असं मला वाटत नाही. चाळीत त्यांना दिवसभरात किती माणसं भेटत असतील मोजा. नळावरच्या बायका, दूधवाला, कोपऱ्यावरची भाजीवाली, गॅलरीतून जाणारी पोरं, कामाच्या वाटेवरच्या दोघी-तिघी, भिशीतल्या जणी. ह्यातली एकही जिवलग मैत्रीण नसेल कदाचित. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मधे दाखवून दिलं की नोकरीची खबर वगैरे माणसाला जवळच्यांपेक्षा अशा तोंडओळखीच्या लोकांकडूनच जास्त मिळते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला. मी म्हणेन खबरच नाही, आपण आहोत ह्याची नोंदही हीच माणसं घेतात. "काय ताई, दोन दिवस दिसल्या नाहीत?" हे वाक्य बाविसाव्या मजल्यावर कोणी म्हणत नाही.

चाळ म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणत नाहीये, उगाच तसं लिहिणारे खूप आहेत. नळावर कोणाचा हंडा आधी लागायचा, कोणाची मुलगी किती वाजता आली हे किती डोळे बघायचे, कोणाच्या घरचं पाणी कोण पीत नव्हतं, हे तुमच्या आईंना विचारा, त्या सांगतील. माणसं जवळ होती म्हणून ती समान होती असं नाही. पण जवळ होती.

म्हणून आईंना "खाली गार्डनमधे जाऊन बसत जा, ओळखी होतील" असं म्हणू नका. तिथल्या बाकांवरच्या बायका अमेरिकेतल्या नातवंडांबद्दल बोलत असतील, त्या पण एकट्याच असतात हे मला माहीत आहे, पण पहिल्या दिवशी ते आईंना दिसणार नाही. त्यापेक्षा लोकमान्य नगरची भिशी अजून चालू आहे का विचारा. चालू असेल तर महिन्याला नाही, आठवड्याला एकदा आईंना तिकडे जाऊ द्या, पहिल्या एकदोन वेळा तुम्ही सोडा, मग त्या बसने जातील, त्यांनी आयुष्यभर टीएमटीने प्रवास केलाय. आणि एखाद्या महिन्याची भिशी तुमच्या घरी ठेवा. दहा-बारा बायका लुगडी-साड्या नेसून, पिशव्या घेऊन एकदम लॉबीत येतील. त्या दिवशी तुम्ही किंवा तुमची बायको खाली उभे राहा आणि सगळ्यांना घेऊन मेन लिफ्टने वर या, दोन फेऱ्या लागल्या तर दोन फेऱ्या.

शेवटचं, तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात ते. ऑफिसात आणि सोसायटीत तुम्ही आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही की आई घरकाम करायची, "आई गृहिणी" असं म्हणता, आणि आता त्याचीच लाज वाटतेय. ह्यासाठी स्वतःला फार छळू नका. ज्या जागी पोचायला आईने तुम्हाला पाठवलं तिथे हे सांगितलं की काय होतं ते तुम्ही कॉलेजपासून बघितलंय, म्हणून गप्प राहिलात. सगळ्यांना सांगत सुटायची गरज नाही. पण घरात, आईंच्या समोर, तुमच्या मुलीला सांगा की आजी कुठल्या कुठल्या घरी काम करायची, किती वाजता उठायची, कुठल्या बाईंनी जुनी पुस्तकं दिली आणि कोणी सणाचे पैसे कापले. मधे चुकलात तर आईच दुरुस्त करतील. मी बऱ्याच घरांत बघितलंय, मुलाने आपलं काम लपवलेलं नाही हे कळलं की बाईचा आवाज बदलतो.

तर आधी आईंना विचारा. रात्री जेवणं झाल्यावर, बायको समोर असताना, पण टीव्ही बंद करून. "मी तक्रार करू का" असं विचारू नका, त्याचं उत्तर नको हेच येणार. "त्या दिवशी तिकडच्या लिफ्टमधे अजून कोण होतं?" असं विचारा आणि त्या बोलतील तेवढं ऐका. मग इथे लिहा काय म्हणाल्या ते. सेक्रेटरीला द्यायच्या पत्राचा मसुदा टाकलात तर मी बघून देईन, रविवारी मला वेळ असतो.